न दिसणं म्हणजे नसणं नव्हे



आजच्या विषयाची पाटी वाचून काहींच्या भुवया वर गेल्या असतील. ‘जुन्या नेटवर्क व्यवस्थापनाकडून नव्या स्वयंचलित व्यवस्थेकडे’, आणि बोलणार कोण, तर तत्त्वज्ञानाचे मास्तर! आम्ही जन्मभर वर्गात न्याय आणि मीमांसा शिकवली, वायर कधी जोडली नाही. पण या विषयाच्या मुळाशी जो प्रश्न आहे, तो आमच्याच खात्यातला निघाला. लांब बसलेल्या माणसाला इथलं कसं कळतं? आणि जे कळलंय असं तो म्हणतो, ते खरं कशावरून?

सुरुवात इथूनच करू. समजा, सोमवारची सकाळ आहे. वळसंगसारख्या गावात सेवा केंद्रावर दाखल्यांसाठी रांग लागली आहे. कुणाला उत्पन्नाचा दाखला हवाय, कुणाच्या मुलीच्या प्रवेशाची आज शेवटची तारीख आहे. शिवारातलं काम सोडून माणसं आली आहेत. आणि नेट बंद. केंद्र चालवणारा मुलगा तक्रारीच्या नंबरावर फोन लावतो. पलीकडून उत्तर येतं, “आमच्या स्क्रीनवर तर तुमची लाइन चालू दिसतेय.”

हे वाक्य तुमच्यापैकी कितीजणांनी ऐकलंय? बरेच हात वर आहेत. आमचाही आहे.

या संवादात दोघंही खोटं बोलत नाहीत. मुलाच्या समोर नेट खरंच बंद आहे आणि त्या माणसाच्या स्क्रीनवर हिरवा ठिपका खरंच आहे. भांडण दोन माणसांचं नाही, कळण्याच्या दोन रीतींचं आहे. आणि त्यात रोज कुणाची बाजू खरी धरली जाते, तर स्क्रीनची. रांगेतल्या माणसाचा रोज बुडतो तो त्यामुळं.

आधी माणूस होता

आमच्या वयाच्या लोकांना ट्रंक कॉल आठवत असेल. नंबर लिहून द्यायचा आणि बसून राहायचं. घाई असेल तर जास्त पैसे भरून ‘अर्जंट’, त्याहून घाई असेल तर ‘लाइटनिंग’. मधे एक्स्चेंजमध्ये बसलेला ऑपरेटर दोन तारा जोडायचा. कुठली लाइन खरखरते, पावसात कुठला मार्ग बसतो, हे त्याला ठाऊक असायचं. नेटवर्कचं व्यवस्थापन म्हणजे तोच. वेगळं काही नव्हतं.

मग यंत्रं आली. भारतात १९८४ मध्ये सी-डॉट ही सरकारी संशोधन संस्था उभी राहिली. खेड्यासाठी, आपल्या उन्हाला आणि धुळीला टिकेल, वातानुकूलनाशिवाय चालेल असं १२८ लाइनींचं छोटं स्वयंचलित एक्स्चेंज तिथं घडलं. त्यातलं पहिलं १९८६ मध्ये आपल्या शेजारच्या कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला बसलं. तारा जोडणारा माणूस गेला. पण बिघाड ओळखणारा राहिला. लाइनमन सायकलवर निघायचा आणि खांबाखांबानं जायचा. कुठं जॉइंट आहे, कुठल्या शेतातून केबल गेली आहे, कुठल्या ओढ्यात पाणी शिरतं, हे त्याच्या डोक्यात असायचं. वहीत नसायचं, हे लक्षात ठेवा. पुढं यावंच लागणार आहे.

आता तिसरी पायरी. २५ ऑक्टोबर २०११ ला केंद्र सरकारनं ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना मंजूर केली. तिलाच २०१५ पासून आपण भारतनेट म्हणतो. महाराष्ट्रात त्याच्या दुसऱ्या टप्प्याचं काम महानेट या नावानं झालं. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात भिंतीवर जी पेटी दिसते ती या जाळ्याचं टोक. देशात अशी टोकं लाखांत आहेत. इतक्या पेट्यांकडं सायकलवर जाऊन कोण बघणार? म्हणून लांबून बघणारी व्यवस्था लागते. नेटवर्क मॅनेजमेंट सिस्टिम म्हणतात ती ही.

हजेरी घेणारा मास्तर

या व्यवस्थेची कामं परंपरेनं पाच मानली जातात. बिघाड ओळखणं, यंत्रांच्या मांडणीची नोंद ठेवणं आणि ती बदलणं, वापराचा हिशोब, कामगिरीचं मोजमाप आणि सुरक्षा. पाचांतलं पहिलं आज धरू, कारण रांगेतल्या माणसाचा संबंध त्याच्याशी आहे.

जुनी पद्धत काय? १९८८ मध्ये एसएनएमपी नावाचा प्रोटोकॉल आला. प्रोटोकॉल म्हणजे यंत्रांनी आपसांत बोलायचे ठरलेले नियम. त्यात मधली व्यवस्था दर काही मिनिटांनी प्रत्येक यंत्राला विचारते, आहेस का? यंत्र म्हणतं, आहे. वर्गात हजेरी घेतात तसंच. ‘हजर’ म्हटलं की हिरवा ठिपका. दोन-तीनदा उत्तर नाही आलं की लाल.

यंत्राला स्वतःहून ओरडायचीही सोय आहे. त्या संदेशाला ट्रॅप म्हणतात. पण मूळ रूपात तो साध्या पोस्टकार्डासारखा आहे, पोचपावती नाही. वाटेत हरवला तर पाठवणाऱ्याला कळत नाही आणि घेणाऱ्यालाही नाही.

ही व्यवस्था टाकाऊ मुळीच नव्हती. तीसपेक्षा जास्त वर्षं जगातली जाळी तिनं सांभाळली आणि अजूनही सांभाळते आहे. पण तिच्यात एक तर्कदोष दडलेला आहे. यंत्र बोललं नाही, म्हणजे यंत्र बंद आहे, असं ती धरते.

गप्प बसण्याचा अर्थ

इथं आम्हांला आमचे जुने शास्त्रकार आठवतात. ‘टेबलावर घागर नाही’ हे ज्ञान आपल्याला कसं होतं? जे नाही ते डोळ्यांना दिसणार कसं? यावर शेकडो वर्षं वाद झाला. नैयायिक म्हणाले, अभावही प्रत्यक्षानंच कळतो. कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक आणि पुढं अद्वैती म्हणाले, त्यासाठी वेगळं प्रमाण मानलं पाहिजे. त्याचं नाव अनुपलब्धी. मिळालं नाही, यावरून नाही असं कळणं.

पण त्यांनी लगेच एक अट घातली, आणि ती अट म्हणजे आजच्या व्याख्यानाचा गाभा आहे. नुसती अनुपलब्धी चालत नाही, ‘योग्य’ अनुपलब्धी लागते. घागर असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घागर दिसली नाही, तर ती नाही असं म्हणता येत नाही. तिथं तुम्हाला घागरीचं काही कळलेलं नाही, फक्त अंधाराचं कळलंय.

आता ही अट पेटीला लावा. पेटीनं उत्तर दिलं नाही. पेटी चालू असती तर उत्तर आपल्यापर्यंत आलंच असतं का? रस्त्यात जेसीबीनं केबल तोडली असेल तर नसतं आलं. तालुक्याच्या ठिकाणी वीज गेली असेल तर नसतं आलं. म्हणजे आपण अंधाऱ्या खोलीत उभे आहोत. तरी स्क्रीन म्हणते, पेटी बंद! आणि एक केबल तुटली की तिच्यामागची सगळी गावं एकदम लाल होतात. वीस गावांचे वीस बिघाड दिसतात. खरा बिघाड एकच, आणि तो त्या विसांपैकी कुठल्याच गावात नाही.

नवी व्यवस्था नेमकं काय करते

नव्या व्यवस्थेचं वर्णन करताना ‘स्वयंचलित’, ‘हुशार’ असे शब्द फार वापरतात. आम्ही एवढंच म्हणतो, ती चांगली असेल तर गप्प बसण्याचा अर्थ लावते. तीन उदाहरणं घेऊ.

पहिलं. ग्रामपंचायतीतली फायबरची पेटी वीज गेल्यावर मरता मरता एक संदेश पाठवू शकते. आत थोडी वीज साठलेली असते, तेवढ्यावर. तंत्रज्ञ त्याला शब्दशः ‘शेवटचा श्वास’ असंच म्हणतात. आता बघा, श्वासाचा संदेश आला आणि मग पेटी गप्प झाली, तर वीज गेली असं समजायला आधार आहे. संदेश न येता एकदम गप्प झाली, तर संशय केबलवर. गप्प दोन्हीकडं आहे, पण आता दोन प्रकारचं गप्प वेगळं ओळखता येतं. एका वेळी वीज कंपनीला फोन करायचा, दुसऱ्या वेळी जोडणाऱ्याला पाठवायचं. चुकीचा माणूस पाठवला तर एक दिवस गेला, म्हणजे रांगेचा आणखी एक दिवस गेला.

दुसरं. एका फायबरच्या धाग्याला फाटे फोडून अनेक पेट्या जोडतात. एका फाट्यावरच्या सगळ्या पेट्या एकाच क्षणी गप्प झाल्या, तर दोष फाट्याच्या अलीकडं शोधायचा. एकच गप्प झाली, तर पलीकडं. व्यवस्थेला जाळ्याचा नकाशा ठाऊक असेल तर वीस लाल ठिपक्यांऐवजी ती एकच वाक्य सांगते, अमुक ठिकाणी केबल तुटली असावी. डोंगरावर धूर दिसला, म्हणजे तिथं अग्नी आहे, हे न्यायातलं प्रसिद्ध अनुमान. हे तेच.

तिसरं. केबलमध्ये प्रकाशाचा ठोका सोडतात आणि तुटलेल्या ठिकाणाहून किती वेळात परत येतो ते मोजतात. काचेच्या धाग्यात प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर. एक किलोमीटर जाऊन परत यायला सेकंदाचा एक लाखावा भाग लागतो. त्यावरून तुटलेलं ठिकाण किती अंतरावर आहे ते कळतं. भारतनेटचा सुधारित कार्यक्रम ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झाला. त्यात फायबरवर अशी दूरस्थ देखरेख आहे, मध्यवर्ती नियंत्रण केंद्र आहे, आणि ग्रामपंचायती कडीच्या आकारात जोडायच्या आहेत. कडी म्हणजे एक बाजू तुटली तर दुसऱ्या बाजूनं वाट. लग्नातल्या पंगतीत वाढपी एका टोकाकडून अडला तर दुसऱ्या टोकाकडून येतो, तसं.

शिवाय यंत्रं आता हजेरीची वाट न बघता आपली स्थिती सतत कळवत राहतात. आणि काही दुरुस्त्या व्यवस्था स्वतःच करते. वाट बदलते, अडकलेलं यंत्र पुन्हा सुरू करते, चुकलेली मांडणी मागच्या चांगल्या स्थितीवर आणते.

जुन्यातून काय न्यायचं

आता संक्रमणाकडं येऊ. जुनं काढून नवं बसवताना बहुतेक ठिकाणी यंत्रांची यादी नेतात. ज्ञान न्यायचं राहतं.

मघाचंच उदाहरण घ्या. यंत्र सांगतं, तुटलेलं ठिकाण सात किलोमीटर आठशे मीटरवर आहे. कुठून? केबलच्या लांबीनं. रस्त्याच्या लांबीनं नव्हे. पुढं दुरुस्तीला उपयोगी पडावं म्हणून जागोजागी खड्ड्यात केबलचं वेटोळं ठेवलेलं असतं. दहा-वीस मीटर इथं, दहा-वीस मीटर तिथं. वीस-वीस मीटरची दहा वेटोळी असली तर दोनशे मीटरचा फरक पडला. दोनशे मीटर म्हणजे दोन शेतं. वेटोळं कुठं आहे ते कुणाला ठाऊक? पुरणाऱ्याला. अक्कलकोटचा आपला रस्ता चौपदरी झाला. असं काम होतं तेव्हा केबल सरकवतात. जुना नकाशा मग फक्त इतिहास सांगतो.

गिल्बर्ट राइल या ब्रिटिश तत्त्वज्ञानं १९४९ च्या आपल्या पुस्तकात ‘काय ते ठाऊक असणं’ आणि ‘कसं ते ठाऊक असणं’ यांत फरक केला. लाइनमनकडं दुसऱ्या प्रकारचं ज्ञान असतं, आणि ते अर्ज भरून घेता येत नाही. त्याच्याबरोबर रस्त्यानं चालावं लागतं. म्हणून आमचं पहिलं म्हणणं असं, की नवी व्यवस्था बसवण्याआधी जुन्या माणसांबरोबर चाला आणि नकाशा दुरुस्त करा. चुकीच्या नकाशावर चालणारी स्वयंचलित व्यवस्था ही चुकीचं काम वेगानं करणारी व्यवस्था असते.

दुसरं, काही काळ दोन्ही बरोबर चालवा. जुनं काय सांगतं आणि नवं काय सांगतं ते रोज ताडून बघा. जिथं मतभेद होईल तिथं शिकायला मिळेल. आणि नव्या व्यवस्थेला पायरीपायरीनं अधिकार द्या. आधी नुसतं बघू दे, मग सुचवू दे, मग माणसाच्या संमतीनं करू दे, आणि शेवटी ठराविक कामं आपली आपण करू दे.

तिसरं, जे जाळं राखायचं त्याच जाळ्यावर राखणदाराला लटकवू नका. यासाठी थोडं लांब जाऊ, कॅनडापर्यंत. ८ जुलै २०२२ ला तिथल्या रॉजर्स कंपनीचं जाळं कोसळलं. एक कोटी वीस लाखांहून जास्त ग्राहकांची सेवा गेली. पोलीस आणि अँब्युलन्ससाठीचा ९११ हा नंबरसुद्धा अनेकांना लागेना. जाळं सुधारण्याचंच काम सात टप्प्यांत चाललं होतं. सहाव्या टप्प्यात एक गाळणी काढली गेली, मार्गांच्या माहितीचा लोंढा आत आला आणि गाभ्यातली यंत्रं त्याखाली बसली. दुरुस्त करायला जावं, तर दुरुस्तीची वाटही त्याच जाळ्यातून जात होती. विहिरीत पडलेल्याला काढायला दोर हवा, आणि दोर त्याच्याच कमरेला बांधलेला!

त्या घटनेत आमच्या कामाची आणखी एक गोष्ट आहे. सुरुवातीला या कामाचा धोका ‘जास्त’ ठरवला होता. आधीचे टप्पे सुरळीत पार पडले, म्हणून धोका मोजणाऱ्या संगणकीय पद्धतीनं तो ‘कमी’वर आणला. पाचदा झालं नाही म्हणून सहाव्यांदा होणार नाही! बर्ट्रांड रसेल यांनी १९१२ मध्ये कोंबडीचं उदाहरण दिलं होतं. रोज दाणे टाकणारा हात एक दिवस तिची मान मुरगळतो. आपल्याकडं चार्वाकांनी अनुमानावर हाच आक्षेप घेतला होता. वारंवार दिसलं म्हणून नेहमी तसंच, याला आधार काय? यंत्राला हा आक्षेप आपोआप सुचत नाही. तो माणसानं घालून द्यावा लागतो.

हिरवा ठिपका आणि रांगेतला माणूस

आता सुरुवातीच्या सोमवारकडं परत जाऊ. स्क्रीन हिरवी आणि सेवा बंद, हे कसं होतं? पेटी ‘हजर’ म्हणते, म्हणून ठिपका हिरवा. पण पेटीपासून टेबलावरच्या संगणकापर्यंतची वायर उंदरानं कुरतडली असेल, किंवा पलीकडचा सर्व्हर बसला असेल. पेटी जिवंत आहे एवढंच ठिपका सांगतो. दाखला निघतो की नाही हे तो सांगत नाही, कारण त्याला ते कुणी विचारलेलंच नाही.

नैयायिकांचं उदाहरण आहे, तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्याचं. तिथं अग्नी आहे, पण धूर नाही. धुरावरून अग्नी ओळखता येतो, धूर नाही म्हणून अग्नी नाही असं म्हणता येत नाही. तसंच इशारा आला नाही, म्हणून बिघाड नाही असं होत नाही. न दिसणं म्हणजे नसणं नव्हे.

मग उपाय काय? आणखी ठिकाणी मोजमापं लावता येतात. नवी व्यवस्था खोटा ग्राहक होऊन दर थोड्या वेळानं सेवा वापरून बघू शकते, आणि ते जरूर करावं. तरी काही उरतंच. म्हणून आपल्या परंपरेनं प्रत्यक्ष आणि अनुमान यांच्या जोडीला आणखी एक प्रमाण मानलं आहे, शब्द. ज्याला ठाऊक आहे आणि ज्याला खोटं सांगायचं कारण नाही, अशा माणसाचं सांगणं. त्याला आप्त म्हणतात. सेवा केंद्रातला तो मुलगा नेट बंद आहे असं सांगतो, तेव्हा त्या एका गोष्टीपुरता तो आप्त आहे. त्याचं सांगणं हा स्क्रीनच्या बरोबरीचा पुरावा आहे.

नवी व्यवस्था विकत घेणाऱ्यांना, चालवणाऱ्यांना आमचं म्हणणं एवढंच आहे. तुमच्या स्क्रीनवर या सांगण्याला जागा ठेवा. एका गावातून तक्रार आली तर हिरव्या ठिपक्याशेजारी तिची खूण दिसू द्या. आणि तक्रार मिटली की नाही हे यंत्रानं ठरवू नये. ज्यानं केली त्यानं ‘झालं’ म्हटल्याशिवाय ती बंद होऊ नये. ही गोष्ट महागडी नाही. फक्त कुणाचं ऐकायचं हे आधी ठरवावं लागतं.

एक प्रश्न

आता मागून एका तरुणानं चिठ्ठी पाठवली आहे. विचारतो, “सर, एवढं सगळं आपोआप झालं तर आमच्यासारख्या दुरुस्ती करणाऱ्या मुलांचं काय?”

बाळा, खोटा दिलासा आम्ही देणार नाही. नुसतं जाऊन पेटी बंद-चालू करण्याचं काम कमी होणार. पण तुटलेला काचेचा धागा जोडायला माणूसच लागतो, आणि सात किलोमीटर आठशे मीटर म्हणजे कुठल्या बांधापाशी हे सांगायलाही. तू एक वही कर. जिथं जिथं केबल उघडशील तिथली जागा, खोली, वेटोळं किती मीटरचं, तारीख, सगळं लिही. फोनवर फोटो काढ. मराठीत लिही, कन्नडमध्ये लिही, जी भाषा हाताला येईल तिच्यात लिही. उद्या नवी व्यवस्था येईल तेव्हा ती वही घेऊन जा आणि म्हण, तुमचा नकाशा इथं चुकलाय. ज्याच्याकडं ती वही आहे त्याला कुणी सहज बाजूला करू शकत नाही.

आणि इथं जी वडीलधारी मंडळी बसली आहेत त्यांना एक विनंती. पुढच्या वेळी पलीकडून कुणी म्हणालं, “आमच्याकडं चालू दिसतंय”, तर चिडू नका. शांतपणे विचारा, “तुमच्या स्क्रीनला हे दिसण्याची सोय आहे का?” उत्तर नाही असं आलं, तर तक्रार नोंदवा, नंबर लिहून घ्या आणि काम झाल्याशिवाय ‘झालं’ म्हणू नका.

वेळ झाली. नमस्कार.